तळाची पुस्तिका आधी

मित्रांनो, नेत्रविभागाच्या दाराशी स्टुलावर जी निळी, रंग उडालेली लाकडी पेटी दिसते ना, ती मी. मला वरून तोंड आहे आणि खालूनही. अशी पेटी अख्ख्या मलावीत दुसरी नसावी, असं मी तरी मानते.

सुरुवातीला मी साधी उथळ पेटी होते, निलगिरीच्या फळ्यांची. डोळ्यांचे डॉक्टर शहरातून महिन्यातल्या एकाच मंगळवारी येत आणि तीन वाजता परत निघत. आलेला माणूस आपली आरोग्यपुस्तिका माझ्यात ठेवून गुमान बाकावर बसे. दुसऱ्याच्या पुस्तिकेला हात लावणं आमच्याकडे असभ्यपणाचं समजतात. कारकून काचाले वरची पुस्तिका उचलून नाव पुकारत. म्हणजे पहाटे आलेला तळाशी आणि दहा वाजता डुलत आलेला सगळ्यांच्या आधी आत! हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. मला तर ढीग उंच झाला की उगाच मोठेपणा वाटायचा.

लिकोंग्वे हे सरोवराकाठचे सुतार. काचबिंदूने त्यांचा एक डोळा गेला होता आणि दुसराही मंदावत होता. लागोपाठ दोन महिने ते सर्वांत आधी आले, भाजलेल्या रताळ्यावर दिवस काढला आणि तपासणी न होताच परत गेले. दुसऱ्या खेपेला निघताना ते माझ्यावर वाकले आणि बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी सिस्टर तामांडानींना हाक मारली.

"सिस्टर, मी सुतार माणूस. ढिगातली तळाची फळी पडून पडून कुजते. माझी पुस्तिका तिथंच आहे बघा."

काचाले हसले. "बाबा, आता दवाखानाही तुम्हीच चालवणार का?"

"दवाखाना राहू दे तुला. मला फक्त ही पेटी दे."

पुढच्या महिन्यात ते सोमवारीच हत्यारं घेऊन आले. बोटांनी चाचपत त्यांनी माझ्या बाजू उंच केल्या आणि तळाशी एक फट ठेवली. पुस्तिका वरून टाकायची, खालून काढायची. फटीतून पुढच्या तीन पुस्तिका दिसत, म्हणून सिस्टर त्या तिघांच्या डोळ्यांत बाहुली मोठी करणारे थेंब आधीच घालून ठेवू लागल्या. डॉक्टरांचा खोळंबा संपला. जिथे बावीस जण तपासून व्हायचे, तिथे पस्तीस होऊ लागले. मित्रांनो, माझी छाती फुगली नसती तरच नवल!

पहिल्या मंगळवारी पहिली पुस्तिका लिकोंग्वेंचीच निघाली. दार उघडंच होतं, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. शस्त्रक्रियेने उरलेली नजर टिकेल, असं डॉक्टर म्हणाले आणि ती टिकलीही. पण त्यांनी पुढे विचारलं, "दोन महिने आधी का नाही आलात, बाबा? आणखी वाचली असती."

"आलो होतो," लिकोंग्वे म्हणाले. "दोन्ही वेळा सगळ्यांच्या आधी आलो होतो."

काचाले दारात उभे होते. त्यांची मान खाली गेली. त्या दिवसापासून त्यांनी एकही पुस्तिका वरून उचललेली नाही.

आता माझे सांधे ढिले झालेत आणि पुस्तिका मध्येच अडकतात. तेव्हा मला खुशाल ठोका, हलवा, मी रागावणार नाही. पण मित्रांनो, घाई आहे म्हणून वरची उचलू नका. खाली ज्याची आहे, तो केव्हाचा आलेला आहे.