बशीवर न लिहिलेली गोष्ट

हॅमिल्टनच्या त्या प्रयोगशाळेत हिरियाने तेवीस वर्षे मानवी पेशींचे संगोपन केले होते. ऊतीचा कण हाती घेण्यापूर्वी ती त्या दात्याशेजारी बसून प्रार्थना म्हणत असे. काम संपले की उरलेला अंश कुटुंबाकडे परत जाई आणि त्यांच्याच भूमीत विसावे. दात्यांची अट एकच होती : पेशी वाढवायच्या काचेच्या बशीवर वयाखेरीज काही लिहायचे नाही आणि हिरियाने वयाखेरीज काही बोलायचे नाही. तिने तसा शब्द दिला होता.

आठ वृद्धांच्या मांडीच्या स्नायूंतून काढलेल्या मूळ पेशी आठ बशांत वाढत होत्या. झिजलेला स्नायू पुन्हा बांधण्याचे सामर्थ्य याच पेशींच्या ठायी असते. चार बशांतील पेशी एकमेकींना बिलगून तंतू विणू लागल्या होत्या. उरलेल्या चार निश्चल होत्या.

"वय झालं, दुसरं काय?" सूक्ष्मदर्शकावरून मान वर करीत डॉक्टर फर्गस म्हणाले. "उद्या या चार बंद करू. घरी पोचवायची व्यवस्था बघ."

हिरियाने मान हलवली, परंतु तिच्या मनाला स्वस्थता नव्हती. त्या चारही बशा स्त्रियांच्या आणि वाढणाऱ्या चार पुरुषांच्या होत्या, हे केवळ तिला ठाऊक होते. आणि आठही बशांना मिळणारे पोषणद्रव तरुण पुरुषांच्या पेशींवर पारखून सिद्ध केलेले होते. बोलावे तर दिलेला शब्द मोडतो. न बोलावे तर सारा दोष वार्धक्याच्या माथी जाऊन उद्याचे औषध पुरुषांच्याच देहावर बेतले जाणार.

तिने अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि अडीच तास गाडी हाकीत ओपोतिकी गाव गाठले. चौघीजणी एकाच कुळातल्या. शनिवारच्या समारंभासाठी कुळाच्या सभागृहामागच्या स्वयंपाकघरात रताळी सोलीत बसल्या होत्या. हिरियाने सारे सांगितले.

"म्हणजे माझ्या मांडीनं कुळाचं नाव घालवलं म्हण की!" तिची कुइनी मावशी हसत म्हणाली.

"तसं नाही गं, मावशी. त्यांना जे खायला घातलं ते पुरुषांच्या मापाचं होतं. बाईच्या शरीरातलं इस्ट्रोजेन त्यात नाही, आणि तुमच्या वयात ते अंगातही उरत नाही. ते घालून बघायचं, तर आधी या बशा बायकांच्या आहेत हे सांगावं लागेल."

"मग सांग की! नाव लपव म्हणालो होतो. बाई असणं कुठं लपव म्हणालो?"

"वयापलीकडे एक अक्षर नाही, असंच म्हणाला होतात तुम्ही."

"ही पोरगी वकील व्हायला हवी होती," कुइनी इतरांकडे पाहत म्हणाली. दोघींनी हसत होकार दिला. चौथी, माकेरेती, सोलत राहिली.

"माझं नाही सांगायचं."

"अगं, तिघींचं कळलं की चौथीचं कळणारच," कुइनी म्हणाली.

"म्हणून तर कुणाचंच नको." माकेरेतीने सुरी खाली ठेवली. "चाळीस वर्षं मासळीच्या कारखान्यात पुरुषांच्या बरोबरीनं उभी राहिले, आणि बाई म्हणून कमी धरलं गेलं. आता माझ्या पेशीसुद्धा कमी भरल्या असं छापून येणार?"

हिरियाला तिची समजूत घालावीशी वाटली नाही. त्या बोलण्यात खोटे काहीच नव्हते.

माकेरेतीने सुरी पुन्हा उचलली आणि म्हणाली, "आधी काय खायला घातलं ते लिहायचं. मग आम्ही काय केलं ते. हाच क्रम. कबूल असेल तर सांग."

शुक्रवारी सकाळी हिरियाने चार बशांवर 'स्त्री' असे लिहिले आणि नोंदवहीत पोषणद्रवाची हकिगत निष्कर्षाच्या वर मांडली. फर्गसांनी ती दोनदा वाचली. त्यांचे कान तांबडे झाले.

"मी विचारायलाच हवं होतं," ते हळूच म्हणाले. "आठ बशा, आणि मला फक्त आठ वयं दिसली."

त्या बशा बंद झाल्या नाहीत. त्यांतील पेशींना इस्ट्रोजेन मिसळलेले द्रव मिळू लागले. अकराव्या दिवशी माकेरेतीच्या बशीत तंतू दिसले. दुसऱ्या एकीत स्पष्ट, तिसऱ्या एकीत अंधूक. चौथी पूर्ववत निश्चल होती. हिरियाने मावशीला फोन लावला.

"माकेरेतीच्या उठल्या? आता महिनाभर ऐकावं लागणार मला. आणि माझ्या?"

"नाही गं, मावशी."

"तुझ्या त्या डॉक्टर पोराला कळलंय का, का नाही ते?"

"नाही. म्हणतो, अजून बरंच शोधायचंय."

"मग इतक्यात परत आणू नकोस मला," कुइनी म्हणाली. "राहू दे तिथंच. नीट खायला घाल."

हिरियाने फोन ठेवला, हात स्वच्छ धुतले आणि चौथ्या बशीचे द्रव बदलण्यास घेतले.