भागीरथीबाईंच्या गाण्यांचा झोपाळा

जुना म्हणून मला हसू नका, मित्रांनो. मी कुंभकोणमचा झोपाळा आहे आणि आमच्या गल्लीतली प्रत्येक मराठी नवरी माझ्या फळीवर लाजून बसून गेली आहे. माझी फळी जवळच्या पट्टीश्वरम गावच्या फणसाची. साखळ्या पितळेच्या, इथल्याच कारागिरांनी घडवलेल्या, आणि त्यांत मधूनमधून पोपट नि हत्ती बसवलेले. तंजावरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले, राजवाड्यातल्या नोकऱ्या गेल्या, तेव्हा चंद्रमौलीराव नावाचे एक कारकून या गावी येऊन राहिले आणि त्यांनी मला करवून घेतले. नोकरी गेलेल्या माणसाला झोपाळा कशाला हवा, असे सगळे म्हणाले. त्यांच्या धाकट्या लेकीला मात्र मी फार आवडलो. ती धावत येऊन माझ्यावर उताणी पडली, ती जेवायलासुद्धा उतरेना. तिचे नाव भागीरथी.

माझे वरचे आकडे लोखंडी होते आणि ते कुरकुरत. पुढे जाताना ‘कुर्र’, मागे येताना ‘कच्’. घरातल्या सगळ्यांना त्या आवाजाचा वैताग होता. भागीरथीला तो ताल वाटे. त्या तालावर ती शब्द जुळवू लागली. वडिलांनी तिला अक्षरे शिकवली होती. रांगोळीचा खडू घेऊन ती माझ्या फळीच्या कडेवर ओळी लिही, पुन्हा पुन्हा म्हणून बघे, आणि पाठ झाल्या की पदराने पुसून टाके. मला गुदगुल्या होत. मोठमोठ्या लोकांचे लेखन तुळतुळीत मेजांवर होत असेल, पण त्या मेजांना कोणी असे पदराने गोंजारते का?

तिचे लग्न झाले तेही याच घरात राहायच्या बोलीवर. नवरा मुकुंदराव घरजावई म्हणून आला. माणूस मोठा गोड, पण तो बसला की माझ्या चारही साखळ्या देवाचे नाव घेत. गंमत अशी, की जी बाई स्वतः कधी सासरी गेली नाही, तीच सासरी जाणाऱ्या मुलींची गाणी करू लागली.

इकडे लग्नात नवरानवरीला झोपाळ्यावर बसवायची रीत आहे. सवाष्णी रंगीत भाताचे गोळे ओवाळून टाकतात आणि गातात. आमच्या तंजावरी मराठी घरांनी ही रीत तमिळ शेजाऱ्यांकडून घेतली, पण गाणे आपल्या भाषेतलेच ठेवले. त्यात भागीरथीबाई गल्लीत असल्यामुळे सवयच पडून गेली, की प्रत्येक नवरीला तिच्यापुरते नवे गाणे मिळायचे. त्यासाठी नवऱ्या आमच्याच घरी आणून झुलवत. एकदा एका नवरीच्या आईने गाण्यात जावयाच्या रूपाची स्तुती घालायला सांगितली. भागीरथीबाईंनी माजघरातून त्या जावयाकडे नीट पाहून घेतले आणि म्हणाल्या, “अक्का, स्वभावाची घालतें. रूप म्हटलें तर झोपाळा देखील हसेल.” ते वाक्य पुढे गल्लीभर झाले. मी खरोखरच हसलो असतो.

अशी वर्षे गेली आणि त्यांच्या स्वतःच्या लेकीचे, धनलक्ष्मीचे, लग्न ठरले. वऱ्हाड पापनाशमहून आगगाडीने यायचे होते. लग्नाच्या तयारीच्या भरात मुकुंदराव शिडीवर चढले आणि माझ्या आकड्यांत एरंडेल ओतले. माझी साखळी न् साखळी चिंचेने लखलखीत केली. खाली उतरून ते कौतुकाने म्हणाले, “बघा आतां! लोण्यावाणी हालतो.”

भागीरथीबाई खडू घेऊन बसल्या. मी पुढे गेलो, मागे आलो. आवाज नाही. त्यांनी एक ओळ लिहिली, पुसली. दुसरी लिहिली, पुसली. गल्लीतल्या प्रत्येक पोरीला गाणे दिले आणि पोटच्या पोरीला द्यायच्या वेळी शब्द येईना! त्या मुकुंदरावांवर कडाडल्या, “तुमच्या तेलानें माझें गाणें गिळलें!” बिचारे मुकुंदराव आकडे पुसायला पुन्हा शिडीवर चढले. शेजारच्या अलमेलु मामी दारात बसून फुले ओवत होत्या. त्या तमिळमध्ये एवढेच म्हणाल्या, की भागीरथी, तेलाला बोल लावू नकोस. आजवर दुसऱ्यांच्या मुली जात होत्या, आज तुझी जाते आहे. भागीरथीबाईंनी खडू खाली ठेवला आणि तोंडाला पदर लावला.

लग्नाच्या दिवशी धनलक्ष्मी आणि तिचा नवरा माझ्यावर बसले. मला झेंडूच्या माळा घातल्या होत्या. सगळ्या बायका थांबल्या. धनलक्ष्मी मान वर करून आईकडे बघत होती. भागीरथीबाईंचे ओठ हलले, आवाज फुटला नाही. मला वाटले, आता तुटून पडावे, म्हणजे निदान सगळ्यांचे लक्ष माझ्याकडे जाईल.

तेव्हा नवऱ्याकडची एक बाई पुढे आली. ती नवऱ्याची काकू, विजयलक्ष्मी. जीभ तिखट म्हणून तिची ख्याती होती आणि आमच्याकडच्या बायका तिला वचकून होत्या. आता टोमणा येणार, असेच सगळ्यांना वाटले. तिने माझी साखळी धरली आणि खणखणीत आवाजात सुरू केले:

झूल लेकी झूल गे, कावेरीच्या काठीं
पुढें जातां सासर, माहेर ये पाठीं

भागीरथीबाई चमकल्या. “हें... हें माझें आहे.”

“तुमचेंच, अक्का. ह्याच फळीवर मी नवरी होऊन बसलें होतें तेव्हां केलेंत. ओळखलें नाहीं मला? तेव्हां मी काडीवाणी होतें. आतां पापनाशमांत एक लग्न ह्यावांचून होत नाहीं. पुढचें ऐका, तें आम्ही घातलें.” आणि तिने हात नाचवत म्हटले:

सासूबाई रागीट, जाऊ फार द्वाड
तरी त्यांच्या हातचें ताक लागे गोड

मांडवभर हशा उसळला. नवऱ्याची आईसुद्धा डोळे पुसत हसली. बायकांनी टाळ्यांचा ठेका धरला, अलमेलु मामींनीही धरला, आणि त्या ठेक्यात भागीरथीबाईंचा आवाज एकदम मोकळा झाला. लेकीच्या पाठीवर हात ठेवून त्यांनी तिथल्या तिथे पुढची ओळ जोडली:

दोन घरांमध्यें गे, एकच हा झोका
गात गात जा लेकी, चुको नये ठोका

धनलक्ष्मी हसतही होती आणि रडतही होती. मला सांगा, असे गाणे कोणत्या नवरीला मिळाले असेल? अर्धे आईचे, अर्धे सासरचे! संध्याकाळी मांडव रिकामा झाल्यावर भागीरथीबाई माझ्यावर बसल्या आणि मुकुंदरावांना म्हणाल्या, “मी पुसून टाकत होतें, आणि तें तिकडे वाढत होतें हो.” इतक्या आनंदात मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

आता त्या नाहीत. मध्ये काही वर्षे मला वर टांगून माझ्यावर भाताची पोती रचली होती. ते दिवस आठवले की अजून फळी दुखते. हल्ली पुन्हा खाली उतरवले आहे आणि धनलक्ष्मीची नातवंडे माझ्यावर दंगा करतात. गाण्यात त्यांनी निम्मे तमिळ शब्द घुसवले आहेत आणि शाळेत शिकलेल्या इंग्रजी गाण्यातली आगगाडीही त्यात सोडली आहे. मला चालते.

मित्रांनो, तुमच्या घरातही कोणी बाई काम करता करता काहीतरी गुणगुणत असेल. तिच्याजवळ जाऊन बसा. ते गाणे मागून घ्या, चुकतमाकत म्हणा, आणि एखादी ओळ आपली घाला. बिचकू नका. जिचे गाणे आहे, तिला त्याहून मोठे सुख नसते. मी अशा एकीच्या अगदी जवळ होतो, मला ठाऊक आहे.