आई चोरल्याचा दावा

"तुमच्या मातोश्री मटण खायच्या का?" वकिलानं विचारलं.

पिंजऱ्यात उभे असलेले अमरसिंह, साखर कारखान्याचे माजी संचालक, उसळले. "म्हंजे काय! पाटलाच्या घरातली बाई ती. तिच्या हातच्या तांबड्या रश्श्याला गाव लोटायचं."

"रात्री जेवायला किती वाजायचे?"

"धा. पावणं असलं तर अकरा."

"मग तुमच्या पुस्तकात लिहिलंय की दिवस बुडाल्यावर त्या अन्नाला शिवत नव्हत्या. ते कसं?"

अमरसिंहांनी पाण्याचा ग्लास मागितला. पाणी पिऊन म्हणाले, "तिला पित्ताचा तरास हुता."

कोर्टात खसखस पिकली. सगळ्यात मोठ्यानं हसला केरबा, एके काळचा पैलवान, आता कंत्राटदार. 'माझ्या आत्मचरित्रातली आई ह्यानं आपल्या पुस्तकात जशीच्या तशी चोरली,' असा अमरसिंहांचा त्याच्यावर दावा होता. जेवणाच्या सुट्टीनंतर केरबा उभा राहिला. त्यालाही तोच प्रश्न.

"नवस हुता तिचा," केरबा म्हणाला.

"कसला?"

"आता आईचं नवस पोराला काय ठावं, सायेब?"

न्यायाधीशांनीही तोंडाला रुमाल लावला.

दाराबाहेर, व्हरांड्यातल्या बाकावर साक्षीला बोलावलेला कल्लाप्पा मगदूम बसला होता. आतलं सगळं ऐकू येत होतं. तोही पोट धरून हसला. मग ती कुणाची आई ते त्याला आठवलं, आणि हसू ओठांवरच वाळलं.

शिवाजी पेठेतल्या एका प्रकाशनात एकतीस वर्षं तो मुद्रितशोधक होता. म्हणजे पगारपत्रकात. एरवी सहीपलीकडं ज्यांचा हात वळत नाही असे पुढारी चार वह्या खरडून आणायचे आणि कल्लाप्पा त्याचं पुस्तक करायचा. प्रकाशन समारंभात पुढाऱ्याला शाल-नारळ, फोटो वर्तमानपत्रात. कल्लाप्पा खुर्च्या मोजायला.

अमरसिंहांच्या वहीत आईवर दोन ओळी होत्या. 'आई प्रेमळ होती. तिला आम्ही सात मुलं.' कल्लाप्पाची आई, त्याची अव्वा, जाऊन तेव्हा तेरा दिवस झाले होते. त्यानं पेन उचललं आणि एका बैठकीत पान भरलं. दिवस बुडायच्या आत जेवायचं, हा जैनाघरचा नेम. पोरगं तीन कोसांवरच्या शाळेतून चालत येणार. आई भाकरी झाकून उंबऱ्यावर बसायची आणि मावळत्या सूर्याला सांगायची, 'जरा थांब रे बाबा, माझं पोर वाटेत हाय.' सूर्य थांबायचा नाही. मग पोरासाठी ती नेम मोडायची, पण स्वतः उपाशी निजायची. 'अव्वा'ची त्यानं 'आई' केली, पाटलाला शोभावी म्हणून. 'मला भूक न्हाय' हे तिचं एकुलतं एक खोटं मात्र त्यानं पुस्तकात घातलं नाही. तेवढं स्वतःकडं ठेवलं.

आठ वर्षांनी केरबाची वही आली. तीत आईवर दीडच ओळ. कल्लाप्पानं तेच पान पुन्हा लावलं. आळस म्हणा. पण खरं सांगायचं तर आपली अव्वा आणखी एकदा छापून यावी असं त्याला वाटलं. पाटलाच्या नि पैलवानाच्या घरात हा नेम कुठला, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. त्याला वाटायचं, सगळ्यांच्याच आया सूर्याशी बोलत असतील.

"काका," त्याचा मालक ऋतुराज व्हरांड्यात येऊन कानाशी लागला, "तुम्ही फक्त शुद्धलेखन बघता. एवढंच बोला. न्हाईतर कपाटातल्या चाळीस पुस्तकांवर चाळीस दावे पडतील. तुम्हीबी घरी, मीबी घरी."

पुकारा झाला.

"हा मजकूर मूळचा कुणाचा?" न्यायाधीशांनी विचारलं.

कल्लाप्पानं तोंड उघडलं. जन्मात एकदाच कुणीतरी त्याला विचारत होतं, लिहिलं कुणी? बाजूला ऋतुराज चष्मा पुसत होता. समोर दोन बाप्ये त्याच्या आईवर हक्क सांगत बसले होते, आणि दोघांनाही तिचं नाव माहीत नव्हतं.

"म्हाईत न्हाय, सायेब. मी फकस्त वेलांट्या बघतो."

पुन्हा हशा.

पुढच्याच महिन्यात कारखान्याची निवडणूक लागली. अमरसिंह आणि केरबा एकाच पॅनेलमध्ये आले, गळ्यात गळे पडले. तडजोड झाली: वादाचं पान दोन्ही पुस्तकांतून काढायचं. आई दोघांनाही नको झाली.

ते काम कल्लाप्पाकडंच आलं. पोलादी पट्टी, ब्लेड आणि शिल्लक प्रतींचे दोन ढीग. पट्टी ठेवायची, ब्लेड ओढायचं, पान काढायचं. सकाळपासून तो मान वर न करता कापत होता. एका पानावर त्याला छपाईची चूक दिसली. त्यानं सवयीनं खिशातलं पेन काढून ती दुरुस्त केली आणि ते पान कापलेल्या पानांच्या ढिगावर टाकलं.

ऋतुराज कटवड्याचा पुडा घेऊन आला. "काका, खावा की. सकाळपासनं पोटात काय न्हाय तुमच्या."

कल्लाप्पानं खिडकीबाहेर पाहिलं. तालमीच्या पत्र्यामागं दिवस बुडाला होता. प्रुफांच्या नादात तो नेम त्यानं कैक वर्षांपूर्वी सोडला होता.

त्यानं पुडा हळूच बाजूला सारला आणि पुढची प्रत ओढली.

"मला भूक न्हाय," तो म्हणाला.