रविवारची बाग

माझी बायको कुंदा चित्रात राहायला गेली, त्याला आज नऊ दिवस झाले. चित्र आमच्या बैठकीत टांगलेलं आहे. शंभर वर्षांपूर्वी शिळेवरून छापलेलं. सार्वजनिक बागेत संध्याकाळी फिरायला आलेली अकरा माणसं. आता बारा आहेत. कुंदा कारंज्याजवळच्या बाकावर बसते. शेजारी एका माणसापुरती जागा मोकळी असते.

दर आठवड्याला ती म्हणायची, बागेत जाऊन नुसतं बसू. मी म्हणायचो, रविवारी जाऊ. बावीस वर्षं म्हणालो.

खालच्या मजल्यावरच्या बाबूकाका शिंत्र्यांनी शिळाप्रेसमध्ये उमेदीची वर्षं काढली होती. त्यांना बोलावलं. चष्मा पुसून त्यांनी चित्र पाहिलं आणि ते हसले. दगडावर उलटं काढायचं, तेव्हा कागदावर सुलट उमटतं. हा चित्रकार ते विसरला होता. त्यामुळे बागेतल्या सगळ्या बायकांचे पदर उजव्या खांद्यावर होते आणि पगडीवाले गृहस्थ डाव्या हातानं तपकीर ओढत होते.

"इथं पंगत बसली तर पंचाईत," बाबूकाका म्हणाले. "वहिनी तेवढ्या सुलट आहेत. त्यांचा पदर उजवीकडे गेला की त्या इथल्याच झाल्या. मग हाका मारून उपयोग नाही."

मी रोज संध्याकाळी हाक मारली. तिला ऐकू यायचं, पण ती नेमकी दुसऱ्या बाजूला बघायची. कोणी दिसलं नाही की पुन्हा कारंज्याकडे बघत बसायची. सहाव्या दिवशी ती डाव्या हातानं फुटाणे खाऊ लागली. पदर अजून जागेवर होता.

आज सकाळी मी चौकट उघडली, कागद बाहेर काढला आणि खिडकीच्या काचेला पालथा लावला. उजेडात बाग मागून दिसली. सगळे पदर जिथल्या तिथे होते. चुकीच्या खांद्यावर फक्त कुंदाचा होता. मी हाक मारली.

या वेळी तिनं सरळ माझ्याकडे पाहिलं.

"अहो," ती म्हणाली, "आज रविवार आहे का?"

आज गुरुवार होता.

"हो," मी म्हणालो.

ती उठेल असं मला वाटलं. ती बाकावर थोडी सरकली. खांद्यावरचा पदर काढून तिनं शेजारची जागा पुसली, नीट, कडेपर्यंत. मग तो झटकला आणि बागेतल्या बाकीच्या बायकांसारखा दुसऱ्या खांद्यावर घेतला.