वाटीवर आडवा हात

गणपतराव जेवायला बसले की त्यांचं लक्ष आपल्या ताटापेक्षा दुसऱ्याच्या ताटाकडे जास्त असायचं. साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात सगळी नोकरी गेली. निवृत्तीनंतर मोजायला पोती उरली नाहीत, म्हणून माणसं काय खातात ते मोजायला लागले, एवढंच. कोण हाड एकदा चोखून बाजूला ठेवतो आणि मग हळूच परत उचलतो, कोण बायको शेजारी असली की भात नको म्हणतो आणि एकटा आला की दोनदा मागतो, हे सगळं त्यांच्या डोक्यात त्या-त्या माणसाच्या नावे बरोब्बर लिहिलेलं असायचं.

मंगळवार पेठेतल्या गुंडूच्या खानावळीत हा अभ्यास बुधवारी आणि शुक्रवारी चाले. रविवारी चालत नसे, कारण त्या दिवशी मटण घरीच शिजे आणि घरच्या ताटाचा हिशेब विचारायची त्यांची हिंमत नव्हती. गुंडू हा त्यांचा तालमीतला दोस्त. तो जाऊन बरीच वर्षं झाली, पाटीवर आता त्याच्या मुलाचं, कृष्णातचं, नाव आलं, तरी पेठ अजून 'गुंडूकडं'च जेवायला जाते. आत चुलीशी गुंडूची बायको बनाबाई, हाताखाली सून, बाहेर वाढायला कृष्णात. मटणाचं ताट घेतलं की भाकरी मोजून, रस्सा मात्र बिनमोजणीचा. तांबडा घ्या, पांढरा घ्या, वाटी रिकामी दिसली की कृष्णात छोटी बादली घेऊन हजर.

यंदा दिवाळीनंतर खानावळीपुढचा रस्ता पाइपांसाठी खणला आणि ठेकेदाराची माणसं चर तशीच उघडी टाकून दुसऱ्या कामाला निघून गेली. दारात यायला उरली एक फळी. गाडीवाले कोपऱ्यावरूनच वळून जायला लागले. वयस्कर माणसं फळीकडं बघत आणि घरी जाऊन पिठलं खात. मटणाचा दर तर आधीच चढलेला. पूर्वी बाकावर टेकायला जागा मिळायची नाही, त्या खोलीत आता पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला.

गणपतरावांनी तो आवाज ऐकला आणि त्यांच्यातला हिशेबनीस जागा झाला. कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यापाशी त्यांनी नेहमीच्या गिऱ्हाइकांची बैठक घेतली. त्यात रिक्षावाला ज्ञानू होता, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या संघप्रिया मॅडम होत्या, आणि आणखी चार-पाच जण.

"खोबऱ्याचा भाव काय हाय, ठावं हाय काय?" गणपतरावांनी सुरुवात केली. "काजूचा? खसखशीचा? आणि तुमी सात-सात वाट्या पांढरा ढोसतासा. ते काय नळाचं पाणी हाय?"

"मी सात न्हाय पीत," ज्ञानू म्हणाला.

"नऊ पितोस. मॅडम बसल्यात म्हणून सात म्हणालो."

ठराव सोपा होता. प्रत्येकानं एकच वाटी रस्सा घ्यायचा. कृष्णात बादली घेऊन आला की वाटीवर हात आडवा धरायचा. आणि बनाबाईंना यातलं अक्षर कळू द्यायचं नाही, कारण त्या बाईला कुणी कीव केलेली खपत नाही.

"काका, त्यापेक्षा आपण जास्त वेळा जेवायला जाऊ या की," संघप्रिया मॅडम म्हणाल्या. "आपल्याबरोबर आणखी कुणाला तरी नेऊ."

"ते बी करू, मॅडम. पण आधी गळती थांबवायची. आमच्या कारखान्यात असंच करायचो आम्ही."

"कारखाना फायद्यात हुता व्हय, काका?" ज्ञानूनं विचारलं.

गणपतरावांनी चहा मागवला आणि सगळ्यांकडून शपथ घेतली.

बुधवारी पहिला प्रयोग झाला. कृष्णात बादली घेऊन आला आणि गणपतरावांनी वाटीवर हात आडवा केला. पुढं ज्ञानूचा हात. त्याच्यापुढं मॅडमचा.

"काय झालं, काका? बरं न्हाय?"

"डॉक्टरनं सांगितलंय, रस्सा कमी करा म्हणून."

"आणि तुमाला, ज्ञानूदादा?"

"मला बी डॉक्टरनं."

"सगळ्यास्नी एकच डॉक्टर व्हय?" कृष्णात भरलेली बादली घेऊन आत गेला. गणपतरावांनी ती बादली मनातल्या मनात जमेच्या बाजूला टाकली आणि समाधानानं हात धुतले.

शुक्रवारी रश्श्याला मिरी जरा जास्त लागली. पुढच्या बुधवारी दालचिनीचा वास आला. त्याच्या पुढं तर पांढरा रस्सा असा काही लागला की गणपतरावांनी डोळे मिटून विचार केला आणि निष्कर्ष काढला: काजू कमी करून दुसरं काहीतरी घातलंय. म्हणजे बनावैनींनीही काटकसर सुरू केली! शहाणी बाई. आपलं बोलणं न ऐकताच वळणावर आली.

"काका," ज्ञानू कानाशी कुजबुजला, "आता एक वाटी बी ज्यादा व्हालीय. शपथ अर्ध्या वाटीची करू या काय?"

अशी ही योजना जोरात चालली असताना एका शनिवारी सकाळी कृष्णात गणपतरावांच्या घरी आला. चहाला नको म्हणाला. कोल्हापुरात माणूस चहाला नको म्हणाला की प्रकरण गंभीर आहे असं समजायचं.

"काका, उद्याचा रविवार शेवटचा. खानावळ बंद करायची म्हणती आई. गडमुडशिंगीला मामाकडं जाऊन ऱ्हातो म्हणती."

"आरं, पण रस्ता काय जन्मभर खणलेला ऱ्हातोय व्हय?"

"रस्त्याचं तिला कायच वाटलं न्हाय. फळीवरनं माणूस कमीच येणार, असं तीच मला समजवायची. पण जे येत्यात, ते बी वाटीवर हात धरत्यात. नेहमीची माणसं. बादली भरलेली परत जाती. म्हणती, हातची चव गेली माझ्या." कृष्णात खाली बघत म्हणाला, "करोनात तिच्या तोंडाची चव गेलती, ते आठवतंय न्हवं? आली परत. पण आता म्हणती, आलीच नसंल, मलाच उगं वाटलं. रोज काय तर नवीन घालती, चाखती, मला चाखायला लावती. मी चांगलं म्हटलं की म्हणती, तू पोटचा हाईस, तुझं काय खरं."

गणपतरावांच्या डोक्यातल्या वहीचं पान आपोआप उलटलं. जमेला टाकलेल्या सगळ्या बादल्या खर्चाच्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या, आणि त्यांच्यामागं मिरी, दालचिनी आणि बनाबाई.

खरं सांगून टाकावं, तर बनाबाई म्हणणार, आता माझी समजूत काढायला गोष्टी रचतासा. नेहमीच्या माणसांनी रस्सा परत मागायला सुरुवात केली, तरी तेच म्हणणार. आपल्या माणसाच्या शब्दाला या घडीला काडीची किंमत नव्हती. तोंड हवं होतं परक्याचं.

पण परक्याला दालचिनीवाला रस्सा पाजून भागणार नव्हतं. गणपतराव फळीवरून खानावळीत गेले. बनाबाई पाट्यावर काहीतरी वाटत होत्या.

"वैनी, कळलं मला. मी काय थांबा म्हणायला आलो न्हाय."

"मग कशाला आलासा, भाऊजी?"

"उद्याचं ताट गुंडू असताना करायचासा, तसं करा. नवीन काय घालू नका."

"तसलं कुणाला आवडत न्हाय आता."

"न आवडू दे की. शेवटचंच हाय न्हवं?"

बनाबाईंनी वर बघितलं, मग पाट्यावरचं ते काहीतरी बोटानं पुसून बाजूला सारलं. "बरं," म्हणाल्या.

तिथून गणपतराव थेट रिक्षा स्टँडवर. "ज्ञानू, उद्या दुपारी एसटी स्टँडवर जायचं आणि पावणं आणायचं. ओळखीचं एक बी नको. भुकेलं बघून आण. रिक्षाचं भाडं माझ्याकडं."

"आणि आपली शपथ?"

"आपला हात आडवाच. आपण मागितलं तर वैनींना संशय येईल. पावण्यांनी मागू दे."

रविवारी गणपतराव घरी बायकोला काहीतरी पुटपुटून बाहेर पडले. दुपारी ज्ञानूच्या खेपा सुरू झाल्या. पहिल्या खेपेला हुपरीचं एक जोडपं आलं, पैंजणांचा माल पोचवून घरी निघालेलं. दुसऱ्या खेपेला परीक्षा देऊन आलेली चार पोरं, ज्यांनी भाकरी कशी झालीय असं कुणी विचारेपर्यंत दोन संपवल्या. आणि तिसऱ्या खेपेला आले हातकणंगल्याचे दादासो. लेकीकडं आलेले, लेक दाराला कुलूप लावून कुठं लग्नाला गेलेली, त्यामुळं रिक्षात बसायच्या आधीच तापलेले.

"ही काय वाट हाय?" फळीवरूनच त्यांनी सुरू केलं. "ह्यो पंखा हाय का रहाट? बाक हलालाय. लिंबू केवढं कापलंय, दिसंना मला."

गणपतरावांनी ज्ञानूकडं असं बघितलं की ज्ञानूनं मान खाली घातली. सगळ्या स्टँडावर याला हाच सापडला!

पावण्याचं ताट आलं. दादासोंनी पांढऱ्या रश्श्याची वाटी तोंडाला लावली, कपाळाला आठी घातली आणि रिकामी वाटी पुढं केली. "घाल."

परत आठी. "घाल."

पोरांनी वाट्या पुढं केल्या. हुपरीच्या बाईनं नवऱ्याची वाटी आपल्याकडं ओढली. कृष्णात धावत आत जायचा, "आई, पांढरा!" म्हणून ओरडायचा आणि धावत बाहेर यायचा. इकडं नेहमीच्या बाकावर एकेक वाटी संपवून सगळे हात आडवे धरून बसलेले. रस्सा जुना होता. गुंडू असतानाचा. ज्ञानू एका हातानं वाटी झाकून दुसऱ्या हाताची बोटं चाटत होता. संघप्रिया मॅडमनी तर वाटीकडं पाठ केली होती.

"ह्यो रस्सा कुणी केलाय?" दादासो गरजले.

कृष्णात बादली घेऊन जागीच थांबला. आतल्या दारात बनाबाई आल्या, हातात पळी, चेहरा पडलेला. "मी केलाय. काय चुकलं, पावणं?"

"तेच सापडंना झालंय!" दादासो चिडून म्हणाले. "खारट न्हाय, तिखट न्हाय, पातळ न्हाय. कुठं तर चुकलं असंलच की! म्हणून परत परत घ्यालोय. घाला आणखी." मग त्यांची नजर शेजारच्या बाकावर गेली. "आणि ही माणसं काय सुतकात हाईत? वाटी झाकून बसल्यात ती?"

ज्ञानूच्यानं आता राहवलं नाही. "आमाला शपथ हाय, पावणं!"

"कशाची?"

"एकाच वाटीची! खोबरं महागलंय म्हणून!"

"कुणी घातली शपथ?" हा आवाज बनाबाईंचा होता. बाकावरच्या सगळ्या माना एकदम गणपतरावांकडं वळल्या. इतका एकमतानं झालेला ठराव त्यांनी कारखान्यातही बघितला नव्हता.

"वैनी, मी म्हटलं, तुमचा खर्च वाचावा. हिशेब केलता मी."

"हिशेब?" बनाबाई पळी घेऊन त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "भाऊजी, मी रोज सकाळी आरशात जीभ बघालते! डॉक्टरला दावून आले. नारळवाला बदलला, मिरी बदलली, सुनंला म्हटलं पाट्यालाच वास लागलाय. आणि तुमी बाहीर बसून माझं खोबरं मोजालतासा?"

"चुकलंच की, वैनी."

"हात काढा."

"काय?"

"वाटीवरचा हात काढा म्हणते!"

गणपतरावांनी हात काढला. बनाबाईंनी कृष्णातच्या बादलीतून पळी भरली आणि ओतली, परत भरली आणि ओतली. वाटी भरली, ताट भरलं, भाकरी तरंगायला लागली. पहिल्यांदा हसली ती हुपरीची बाई. मग पोरं हसली, मग ज्ञानू, आणि शेवटी पळी हातात धरून बनाबाई अशा हसल्या की त्यांना बाकाच्या कडेला बसावं लागलं. ज्ञानूनं तेवढ्यात स्वतःची वाटी बादलीत बुडवून घेतली.

"मदत करायची हौस हाय न्हवं तुमाला?" डोळे पुसत बनाबाई म्हणाल्या. "मग वाटीवर हात धरू नका. बाहीर फळीपाशी उभं ऱ्हावा आणि पावण्याला हात द्या. म्हातारी माणसं परत जात्यात माझ्या दारातनं."

"मी हेच म्हणाले होते," संघप्रिया मॅडम चौथी वाटी पुढं करत म्हणाल्या. "साधारण हेच."

"आणि गडमुडशिंगी?" कृष्णातनं विचारलं.

"मामाला म्हणावं, तूच ये जेवायला."

दादासोंनी हात धुतले, पंख्याकडं एकदा तिरस्कारानं बघितलं आणि म्हणाले, "बुधवारी येतो परत. चूक सापडायला पायजे."

बुधवारी गणपतराव इस्त्रीचा शर्ट घालून फळीच्या टोकाला उभे होते. चर अजून तशीच उघडी होती. "या की, पावणं! भ्यायचं न्हाय, हात द्या," असं ओरडून त्यांचा घसा बसला. संघप्रिया मॅडम कॉलेजातली शिक्षकांची अर्धी खोली घेऊन आल्या. ज्ञानूची रिक्षा येत-जात होती. आणि दादासो खरंच आले, ते एकटे नाही. चूक काढण्यात त्यांच्याहून वरचढ असे तीन दोस्त साक्षीला घेऊन. त्या चौघांना फळीवरून आणताना गणपतरावांना रस्त्यापासून दारापर्यंत स्वतःच्या हाताच्या घामाबद्दलही ऐकून घ्यावं लागलं.

आत जागा मिळेपर्यंत दुपार कलायला आली होती. पंख्याचा आवाज कुठं ऐकू येत नव्हता. कृष्णात ताट ठेवून गेला आणि थोड्या वेळानं बादली घेऊन आला. सवयीनं गणपतरावांचा हात वाटीकडं निघाला.

आतून चुलीपाशी बनाबाई नुसत्या खाकरल्या.

गणपतरावांनी हात अर्ध्या वाटेवरून वळवला, त्याच हातानं लिंबू उचललं आणि म्हणाले, "घाल की, बघत काय उभा ऱ्हायलायस?"