कंपनीतर्फे कोण?

केंटकीतल्या त्या तळ्यावर मासे धरायला येणारा प्रत्येक जण आधी डेलबर्ट हॅग्टीच्या दुकानात थांबायचा. गांडुळं तिथली, कॉफी तिथली, आणि मासा सुटला तर खापर फोडायला डेलबर्टही तिथलाच. दुकान म्हणजे भाड्याची शेड, पण त्याचं सगळं आयुष्य त्या शेडमध्ये गेलेलं.

मागे मेव्हण्यानं त्याचं डोकं खाल्लं होतं. "कंपनी काढ. उद्या कुणी पायरीवर घसरला नि कोर्टात गेला, तर घर तरी वाचेल." डेलबर्टनं काढली. मालक तोच, नोकर तोच, झाडू मारणाराही तोच. भाडेकरारही कंपनीच्या नावावर झाला.

यंदा छप्पर गळायला लागलं. जागामालक दाद देईना, म्हणून डेलबर्टनं भाडं अडवलं आणि त्यातून नवे पत्रे ठोकले. जागामालकाला तिथं होड्यांची शोरूम काढायची होतीच. त्यानं पिंकर्ड वकिलाला गाठून जागा खाली करायचा दावा लावला. कंपनीवर.

डेलबर्टनं लग्नातला कोट अंगावर चढवला. बायको, मॉडीन, म्हणाली, "बटणं लावू नकोस, उडतील. आणि शिव्या देऊ नकोस."

"मी कशाला शिव्या देतोय?"

"त्या दिवशी पाद्रीबाबालाच दिलीस."

कोर्टात जजबाईंनी विचारलं, "कंपनीतर्फे कोण?"

"मी, जजसाहेब. त्याचं असं झालं, छप्पर..."

"तुम्ही वकील आहात?"

"छे हो. गांडुळं विकतो."

पिंकर्ड ताडकन उठला. "हरकत आहे! हा माणूस दुसऱ्यासाठी वकिली करतोय. परवाना नसताना. गुन्हा आहे हा!"

दुसरा कोण ते बघायला डेलबर्टनं मागं वळून पाहिलं. मागं नुसती मॉडीन.

"कायद्यानं कंपनी ही वेगळी व्यक्ती आहे, मिस्टर हॅग्टी," जजबाई म्हणाल्या. "तुम्ही स्वतःसाठी बोलू शकता. तिच्यासाठी नाही."

"पण मीच ती!"

"नाही."

"मग तिलाच बोलू द्या."

"ती वकिलामार्फतच बोलते."

"आणि पाणी गळायचं ते माझ्या टाळक्यावर?"

"आणखी एक शब्द काढलात तर आत टाकीन."

वकील आणायला आठवडा मिळाला. गावात वकील दोनच, एक पिंकर्ड आणि दुसरा त्याचा जावई. शहरातले वकील गांडुळं म्हटल्यावर फोन ठेवायचे. पुढच्या तारखेला पुकारा झाला तेव्हा डेलबर्ट ओठ आवळून बसला. कंपनीही काही बोलली नाही. हुकूम निघाला, कंपनीनं जागा सोडावी.

हुकूम घेऊन शेरीफचा माणूस लायल आला, पाठोपाठ पिंकर्ड. लायल त्याच दुकानाचं गिऱ्हाईक, त्याची मान वर होईना. "डेल, कंपनीला बाहेर काढायचंय रे."

डेलबर्ट काउंटरमागून हलला नाही. "काढ की."

"म्हणजे?"

"भर कोर्टात सांगितलं ना मला, तू कंपनी नव्हेस म्हणून? आता तिच्यातर्फे मी बाहेर कसा जाऊ? परवाना कुठाय माझ्याकडे?"

मॉडीननं स्टुलावर चढून दारावरची कंपनीची पाटी उचकटली आणि लायलच्या हातात दिली. "ही घे. बेड्या घालतोस का?"

"हा चावटपणा आहे!" पिंकर्ड ओरडला.

लायलनं हुकूम पुन्हा वाचला. "वकीलसाहेब, यात डेलचं नावच नाही."

झक मारत पिंकर्डनं नवा दावा लावला, डेलबर्ट हॅग्टी या इसमावर. नोटीस आली तसा डेलबर्ट खूश.

"हसतोस काय? घालवतील तुला," मॉडीन म्हणाली.

"घालवू देत. बोलता तर येईल!"

आणि बोलला की तो! कुठल्या रात्री कुठं बादली ठेवली, कॉफीत किती पाणी पडलं, सगळं. पिंकर्ड दोनदा अर्धवट उठला आणि खाली बसला. शेवटी जजबाई जागामालकाकडे वळल्या. "छप्पर गळत होतं?"

जागामालकानं पिंकर्डकडे पाहिलं. पिंकर्ड म्हणाला, "माझ्या अशिलाला आठवत नाही."

"मग नवे पत्रे कुणी बसवले, ते तरी आठवतंय का?"

भाडं छपरातच गेलं म्हणून दावा फेटाळला गेला, जागा डेलबर्टकडेच राहिली. दाराबाहेर आल्यावर मॉडीन म्हणाली, "चल, भूक लागलीय."

"थांब जरा. दुकानामागच्या तुंबलेल्या गटाराचं सांगायचं राहिलं," म्हणत तो परत आत निघाला. तिनं कोट धरून मागं ओढला.