तीस तासांची फाइल

मित्रांनो, कपाटाच्या सर्वांत वरच्या खणात, मोडक्या छत्रीच्या शेजारी जी निळी वस्तू दिसते आहे, ती मी. मी एक जुनी फाइल आहे. माझी पाठ चिकटपट्टीने सांधलेली आहे आणि माझ्या पोटात प्रमाणपत्रांशिवाय दुसरे काही नाही.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. पुठ्ठा कापला, त्यावर निळे कापड चढवले आणि लोखंडी क्लिप ठोकली. ती क्लिप जरा तिरकी बसली, म्हणून दुकानात बरेच दिवस कोणी मला हात लावला नाही. मग एके दिवशी एक मुलगी आपल्या वडिलांबरोबर आली आणि म्हणाली, "हीच द्या. जाड आहे, खूप वर्षं टिकेल."

वडील हसले. "अगं, आधी आत ठेवायला काही मिळव तर!"

ती मुलगी नुकतीच समुपदेशक झाली होती. घाबरलेल्या, खचलेल्या माणसांचे ऐकायचे आणि त्यांना पुन्हा उभे राहायला मदत करायची, हे तिचे काम. या कामाला परवाना लागतो, आणि तो एकदा मिळाला की संपले असे नसते. तिथल्या नियमाप्रमाणे दर दोन वर्षांनी परवाना देणाऱ्या परिषदेला दाखवावे लागे, की या काळात आपण तीस तास नवे काही शिकलो. तरच परवाना पुढे चालू राही. त्या तीस तासांचा पुरावा सांभाळणे, हे माझे काम झाले.

सुरुवातीची वर्षे सुखाची होती. ती प्रत्येक वर्गाला मला काखेत मारून न्यायची. पहिल्या रांगेत बसायची आणि शंका विचारून शिकवणाऱ्यांना भंडावून सोडायची. एकदा परिषदेच्या कार्यालयातल्या कारकुनाने मला उघडून शेजारच्याला दाखवले. "बघा, फाइल ठेवावी तर अशी!" त्या दिवशी माझ्या अंगावर मूठभर मांस चढले.

पण मित्रांनो, दिवस सारखे राहत नाहीत. मुलीची मॅडम झाली. तिच्या हाताखाली नव्या मुली शिकू लागल्या. खोलीबाहेरच्या बाकावर माणसांना तास तास थांबावे लागू लागले. अशात कोणी वर्गाचे नाव काढले, की मॅडम म्हणायच्या, "आता मला काय शिकवणार? केस काय उन्हात पांढरे झालेत?" तरी परवान्यासाठी जाणे भाग होते. मग त्या सकाळी सही करायच्या आणि चहाची सुट्टी झाली, की मागच्या दाराने निघून यायच्या. प्रमाणपत्र मात्र पूर्ण दिवसाचे मिळायचे. माझे अंग भरत चालले होते आणि मी खूश होते. सूज आणि बाळसे यांतला फरक मला तेव्हा कळत नव्हता.

अशाच दिवसांत एक बसड्रायव्हर आमच्याकडे आला. सव्वीस वर्षे त्याच्या बसला साधा ओरखडा उठला नव्हता. एका सकाळी वळणावर एक सायकलवाला घसरून थेट चाकाखाली आला. चौकशीत ड्रायव्हर निर्दोष ठरला. पण त्यानंतर तो स्टिअरिंगला हात लावू शकेना. बसचा आवाज ऐकला, की त्याला दरदरून घाम फुटायचा.

मॅडमनी त्याला समोर बसवले. "काका, त्या सकाळपासून सांगा. सगळं."

त्याने कसेबसे सांगितले. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला तो हात जोडून म्हणाला, "नको मॅडम. सांगितलं की चार दिवस जेवण जात नाही."

"मोकळं झाल्याशिवाय बरं कसं वाटणार, काका? चला, परत सुरुवातीपासून."

काका उठले. पाण्याचा पेला त्यांच्या हातून सांडला. "माफ करा" एवढेच पुटपुटून ते गेले, ते परत आले नाहीत. मॅडमनी त्यांच्या कागदावर लिहिले, 'सहकार्य करत नाहीत.' मी टेबलावरच होते. तो कागद मिटताना त्यांच्या चेहऱ्यावर रागही नव्हता, शंकाही नव्हती.

दोन महिन्यांनी हिशेब केला, तर परवान्याला सहा तास कमी पडत होते आणि मुदत महिनाअखेरची. नाइलाजाने मॅडम एका वर्गाला गेल्या. शिकवायला कोण उभी? त्यांच्याच हाताखाली शिकलेली मुलगी! मॅडमनी तोंड वाकडे करून सही केली आणि दाराजवळची खुर्ची धरली.

विषय होता, मोठा धक्का बसलेल्या माणसाशी कसे बोलावे. मुलगी म्हणाली, "आधी जुन्या पद्धतीनं करून बघू. जोड्या करा. एकानं आपला एखादा छोटासा नकोसा प्रसंग आठवायचा, दुसऱ्यानं या कागदावरची वाक्यं वापरून तो पहिल्यापासून वदवून घ्यायचा. नको वाटलं तर हात वर करा, लगेच थांबू."

मॅडमच्या वाट्याला एक उत्साही तरुण आला. छोटा प्रसंग आठवायचा सोडून मॅडमच्या मनात आईचा शेवटचा दिवस आला. तरुण विचारत गेला. मग काय झालं? आणि मग? मॅडमचा आवाज बारीक होत गेला. "नाही सांगायचं मला," त्या म्हणाल्या.

तरुणाने हातातल्या कागदावर पाहून वाचले, "मोकळं झाल्याशिवाय बरं कसं वाटणार?"

मॅडमनी मला छातीशी इतके घट्ट धरले, की माझी पाठ तडकली. मग त्यांनी हात वर केला.

चहाची सुट्टी झाली. मागचे दार उघडेच होते. मॅडम पुढे गेल्या आणि पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. उरलेला दिवसभर त्या लिहीत होत्या. मनातले सांगणे वाईट नाही, पण तयारी नसताना ते ओढून काढले तर जखम चिघळते. आधी माणसाची झोप, जेवण, धीर सावरू द्यावा. जुनी पद्धत बदलून बरीच वर्षे झाली होती. ते सांगणाऱ्या एका वर्गाचे प्रमाणपत्रही माझ्या पोटात होते. त्या वर्गाला मॅडम चहानंतर थांबल्या नव्हत्या.

संध्याकाळी सगळे गेल्यावर त्या मुलीला म्हणाल्या, "माझ्याकडे एक ड्रायव्हरकाका यायचे. मी त्यांना पळवून लावलं गं."

मुलगी म्हणाली, "मॅडम, मीही दोघांशी तसंच वागले. तुम्ही मला तसंच शिकवलं होतं."

मॅडम तिच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "उद्याचा वेळ माझ्यासाठी मोकळा ठेव. जे राहिलंय ते सगळं शिकव."

दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी काकांच्या घरी फोन लावला. काकूंनी उचलला. "ते कुणाशीच बोलत नाहीत हो."

"त्यांना बोलायला नका सांगू. फक्त एवढा निरोप द्या, की चूक माझी होती. त्यांची नाही."

काका तीन आठवड्यांनी आले. दाराजवळच उभे राहिले. मॅडम म्हणाल्या, "त्या दिवसाबद्दल मी काही विचारणार नाही. रात्री झोप लागते का, एवढंच सांगा." काका बसले.

पुढे आठ महिने ते येत राहिले. कधी झोपेबद्दल बोलायचे, कधी टोमॅटोच्या रोपांबद्दल. एका दुपारी कोणी न विचारता त्यांनी ती सकाळ सांगितली, एकदाच आणि पूर्ण. मॅडम मध्ये एक शब्द बोलल्या नाहीत. काकांनी पुन्हा बस चालवली नाही. पण आगारात वेळापत्रकाचे काम घेतले आणि तिथे ते बसनेच जाऊ लागले, प्रवासी म्हणून.

मित्रांनो, आता प्रमाणपत्रे संगणकात राहतात आणि मी इथे वरच्या खणात. कधी कधी एकटे वाटते. पण तुम्हाला एकच विनवणी आहे. माझ्यासारखी फाइल जरूर जपा, पण तिच्यातला तास खरोखर बसून काढलेला असू द्या. तो नुसता सहीचा असेल, तर त्याची झळ भलत्यालाच लागते.

मॅडमचा परवाना येत्या डिसेंबरात संपतो आहे. पुढे तो चालू ठेवायचा नाही, असे त्यांनी ठरवले आहे. तरी काल त्यांनी एका वर्गासाठी फोन करून नाव दिले. पलीकडून त्यांच्याच हाताखाली शिकलेली ती मुलगी म्हणाली, "मॅडम, तुम्हाला आता तासांची गरज नाही. कशाला त्रास घेता?"

"डिसेंबरला अजून पाच महिने आहेत ना," मॅडम म्हणाल्या. "तोवर माणसं यायची आहेत. लिही माझं नाव."